माध्यमिक शाळेतील ताण : जबाबदारी कोणाची?

महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षण म्हणजे प्रामुख्याने नववी आणि दहावी ही दोन वर्षे, आणि या दोन वर्षांत चौदा ते सोळा या वयाच्या मुलामुलींना एकाच वेळी तीन गोष्टींना सामोरे जावे लागते : शरीर आणि मन झपाट्याने बदलत असते, आयुष्यातील पहिली सार्वजनिक परीक्षा जवळ येत असते, आणि पुढे कोणत्या वाटेने जायचे याचा निर्णय, तो घेण्याइतकी माहिती हाती नसतानाच, घ्यावा लागत असतो. या ओढाताणीचे मूळ समाज बहुधा मुलाच्या स्वभावात, त्याच्या हातातील मोबाइलमध्ये किंवा हल्लीची पिढी नाजूक झाली आहे या समजुतीत शोधतो. मूळ मुलात आहे असे एकदा मानले की उपायही मुलावरच करायचा असे ठरते. मग त्याला ध्यान, प्राणायाम, अभ्यासाचे वेळापत्रक आणि सकारात्मक विचार यांचे पाठ दिले जातात, आणि शाळेचा दिनक्रम, परीक्षेची रचना व वर्गातील वागणूक मात्र पूर्वीसारखीच राहते. प्रस्तुत व्याख्यानाची भूमिका अशी आहे की माध्यमिक शाळेतील ताणाचा फार मोठा भाग शाळेच्या रचनेतून निर्माण होतो, रचना बदलून तो कमी करता येतो, आणि असा बदल कशाने घडतो याविषयी भारतातच झालेले भक्कम संशोधन आज हाताशी आहे.

ताणाचा शास्त्रीय विचार साधारणपणे हान्स सेल्ये यांच्या १९३६ मधील लेखापासून सुरू झाला असे मानतात. शरीरावर कोणतीही मोठी मागणी आली, मग ती थंडीची असो, जखमेची असो वा भीतीची, तरी शरीर तिला काही ठरावीक प्रकारे प्रतिसाद देते, असे त्यांनी दाखवले. पुढे रिचर्ड लाझरस आणि सुझन फोकमन यांनी १९८४ मध्ये या विचारात माणसाच्या मनाला जागा दिली : समोरची मागणी केवढी आहे आणि ती पेलण्यासाठी आपल्याजवळ काय आहे याचा अंदाज माणूस सतत घेत असतो, आणि मागणी आपल्या साधनांपेक्षा मोठी आहे असे वाटू लागले की त्या अवस्थेला ताण म्हणावे, अशी त्यांची मांडणी आहे. शाळेच्या दृष्टीने या व्याख्येचे महत्त्व फार आहे. ताण कमी करण्याचे दोन मार्ग तिच्यातून आपोआप निघतात, एक मागणी वाजवी करण्याचा आणि दुसरा साधने वाढवण्याचा; आणि साधनांत केवळ मुलाची बुद्धी व चिकाटी येत नाही, तर अडल्यावर ज्याच्याकडे जाता येईल असे मोठे माणूस, पुरेशी झोप, खेळायला मिळणारा वेळ आणि चुकले तरी अपमान होणार नाही याची खात्री हीही साधनेच ठरतात.

थोडा ताण असल्याशिवाय मूल अभ्यास करत नाही, असे शिक्षक आणि पालक नेहमी म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. मन थोडे जागे, थोडे सावध असेल तर काम चांगले होते, पण ही उत्तेजना एका मर्यादेपलीकडे गेली की अवघड काम बिघडू लागते, या निरीक्षणाची परंपरा यर्कीस आणि डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगापर्यंत मागे जाते. मर्यादा ओलांडली म्हणजे काय होते हे आता शरीरशास्त्राच्या भाषेत सांगता येते. भीतीच्या क्षणी मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींमधून कॉर्टिसोल नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तातून निरोप वाहून नेणारे रसायन, स्रवते; ते थोडा वेळ वाढले तर शरीराला बळ मिळते, परंतु त्याच वेळी आधी शिकलेले आठवण्याची क्रिया मंदावते. ‘सगळे येत होते, पण पेपर हातात पडल्यावर काहीच आठवेना,’ असे सांगणारे मूल बहुतेक वेळा खरेच बोलत असते. हीच अवस्था आठवडे आणि महिने चालू राहिली तर झोप, भूक, पचन आणि रोगप्रतिकारशक्ती यांवर परिणाम होतो. शिवाय पौगंडावस्थेत, म्हणजे बालपण संपून प्रौढपण येण्याआधीच्या काळात, भावनांशी संबंधित मेंदूचे भाग आधी तीव्रतेने काम करू लागतात आणि विचारपूर्वक आवर घालणारा कपाळामागचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. त्यामुळे याच वयात अपमान अधिक झोंबतो आणि क्षणिक निराशा कायमची वाटते.

या प्रश्नाची व्याप्ती किती आहे हे सांगणारी काही विश्वसनीय आकडेवारी उपलब्ध आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एनसीईआरटीने, २०२२ मध्ये देशभरातील सहावी ते बारावीच्या सुमारे ३ लाख ७९ हजार विद्यार्थ्यांची पाहणी केली. चिंता कशामुळे वाटते या प्रश्नाला ५० टक्के विद्यार्थ्यांनी अभ्यास हे, तर ३१ टक्के विद्यार्थ्यांनी परीक्षा व निकाल हे कारण दिले. बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ या वयोगटातील ७.३ टक्के मुलांत निदान करण्याजोगा मानसिक विकार आढळला होता. आयुष्यभरात होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते, हा रोनाल्ड केसलर यांच्या अभ्यासाचा २००५ मधील निष्कर्षही येथे लक्षात घ्यावा लागतो, कारण चौदावे वर्ष म्हणजे नववीचा वर्ग. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यांमध्ये महाराष्ट्राची संख्या सर्वांत मोठी होती. यात शाळेबरोबर महाविद्यालयांतील विद्यार्थीही आहेत. पोलिसांच्या नोंदीत प्रत्येक मृत्यूसमोर एकच कारण लिहिले जाते, परंतु असा मृत्यू कधीही एका कारणाने होत नाही. परीक्षेतील अपयश हे पुष्कळदा आधीपासून साचलेल्या एकटेपणाला, घरातील अडचणीला किंवा न ओळखलेल्या नैराश्याला लागलेले शेवटचे निमित्त असते. म्हणूनच निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रांतून धीर देणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही.

शाळेची रचना ताण कसा निर्माण करते याचा विचार करताना सुरुवात दहावीच्या परीक्षेपासूनच करावी लागते. राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेचा निकाल २०१८ मध्ये ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला, आणि २०२० मध्ये ९५.३० टक्क्यांपर्यंत चढला. या तीन वर्षांत महाराष्ट्रातील मुलांच्या बुद्धीत किंवा मेहनतीत एवढे चढउतार झाले असणे शक्य नाही. २०१९ मध्ये भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळांतर्गत २० गुण काढून टाकले गेले होते आणि पुढच्या वर्षी ते परत आणले गेले, हे त्यामागचे मोठे कारण होते. त्याआधी २०१० मध्ये राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांसाठी सर्वोत्तम पाच विषयांचे गुण धरण्याचे धोरण न्यायालयात गेले, उच्च न्यायालयाने ते रद्द केले, सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले, आणि तोपर्यंत लाखो कुटुंबांचे अकरावीचे प्रवेश टांगणीला लागले. ज्या आकड्यावर मूल स्वतःची किंमत ठरवते तो आकडा असा मोठ्या माणसांच्या निर्णयांनी वर-खाली होत असतो, ही गोष्ट पालकांनी आणि शिक्षकांनी मुलांना स्पष्ट शब्दांत सांगायला हवी. मंडळाने काही गोष्टी सुधारल्याही आहेत, आणि त्यांची नोंद घेणे न्यायाचे ठरेल : गुणवत्ता यादी जाहीर करणे बंद झाले, आणि अनुत्तीर्ण मुलांसाठी ऑक्टोबरपर्यंत थांबण्याऐवजी जुलैमध्येच फेरपरीक्षा घेण्याची पद्धत २०१५ पासून सुरू झाली, ज्यामुळे वर्ष वाया जाण्याची भीती पुष्कळ कमी झाली. गुणवत्ता यादी मात्र मंडळाच्या कार्यालयातून निघून चौकातल्या फ्लेक्सवर गेली आहे. नव्वद टक्क्यांच्या वरच्या मुलांची छायाचित्रे शाळेच्या फाटकावर लागतात तेव्हा त्याच फाटकातून ये-जा करणाऱ्या, ५५ टक्के मिळवण्यासाठी कदाचित अधिक कष्ट केलेल्या मुलाला आपली शाळा आपल्याविषयी काय मानते हे बोलल्याविना कळते.

दहावीपेक्षाही नववीकडे लक्ष फार कमी गेले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९ चा कायदा आठवीपर्यंतच लागू होतो. त्या कायद्याने दिलेले संरक्षण संपते त्याच वर्षी मूल माध्यमिक वर्गात पाऊल टाकते, आणि आठवीपर्यंत साचत आलेले गणित व इंग्रजीचे कच्चेपण नववीत एकदम उघडे पडते. दहावीचा निकाल शंभर टक्के दाखवण्याची ओढ ज्या शाळांना असते तेथे कच्च्या मुलांना नववीतच थांबवणे किंवा ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ असे सुचवणे, म्हणजे शाळेचा नियमित विद्यार्थी न राहता खासगीरीत्या परीक्षेला बसायला लावणे, हा मार्ग सोयीचा ठरतो. सतरा नंबरचा अर्ज शाळा सुटलेल्या मुलांना आणि प्रौढांना दुसरी संधी देणारी अत्यंत मोलाची सोय आहे. तिचा उपयोग शाळेत येणाऱ्या मुलाला बाहेर काढण्यासाठी होणे ही शाळेची नामुष्की आहे, एवढे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. तुकड्यांचेही तसेच. हुशार मुलांची ‘अ’ तुकडी आणि उरलेल्यांच्या खालच्या तुकड्या ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या इतकी स्वाभाविक मानली गेली आहे की तिच्यामागे शैक्षणिक कारण काय हे कोणी विचारत नाही. खालच्या तुकडीतील मूल जून महिन्यातच आपल्याबद्दलचा निकाल ऐकते, आणि वरच्या तुकडीतील मूल तेथून घसरण्याच्या धास्तीत वर्ष काढते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासंबंधी दिलेल्या पंधरा मार्गदर्शक सूचनांमध्ये, गुणांनुसार गट पाडणे, चारचौघांत लाजवणे आणि कुवतीबाहेरची उद्दिष्टे लादणे यांपासून शैक्षणिक संस्थांनी, विशेषतः कोचिंग क्लासेसनी, दूर राहावे असे म्हटले आहे. सुयोग्य कायदा होईपर्यंत या सूचना बंधनकारक आहेत. तुकड्यांची यादी करताना प्रत्येक मुख्याध्यापकाने त्या वाचाव्यात.

दिनक्रमाचा प्रश्न याहून साधा दिसतो, पण त्याचे परिणाम खोल आहेत. १३ ते १८ या वयात मुलांना रोज आठ ते दहा तास झोपेची गरज असते. याच वयात शरीरातील घड्याळ पुढे सरकते, म्हणजे झोप आणणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते, आणि दहा वर्षांचे मूल नऊ वाजता पेंगते तसे पंधरा वर्षांचे मूल पेंगत नाही. हा आळस किंवा बेशिस्त नसून वाढीचा भाग आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये याच आधारावर किशोरवयीनांच्या शाळा सकाळी साडेआठच्या आधी सुरू करू नयेत अशी शिफारस केली, आणि कॅलिफोर्निया राज्याने तिचा पुढे माध्यमिक शाळांसाठी कायदाच केला. महाराष्ट्रात शाळेच्या वेळेचा प्रश्न डिसेंबर २०२३ मध्ये तत्कालीन राज्यपालांनी उपस्थित केला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा निर्णय घेतला. लहान मुलांसाठी तो निर्णय चांगलाच होता. परंतु शरीराच्या घड्याळाचा विचार करता ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्या माध्यमिक वर्गांना तो लागू नाही. शहरांतील दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांमध्ये माध्यमिक वर्ग बहुधा सकाळच्या सत्रात, सातच्या सुमारास भरतात, दुपारनंतर शिकवणी असते, रात्री गृहपाठ असतो, आणि या सर्वांतून झोपेला उरतात ते सहा-साडेसहा तास. झोपेतच दिवसभर शिकलेले स्मरणात पक्के होते, हे लक्षात घेतले तर जागरण करून केलेला अभ्यास आणि झोप घेऊन केलेला अभ्यास यांतील हिशोब पालकांनी नव्याने मांडायला हवा. खेळाच्या तासाला गणिताचा जादा तास घेण्याची प्रथाही याच हिशोबात तपासावी, कारण शारीरिक हालचाल हा ताण उतरवण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय दहावीच्या वर्षी सर्वांत आधी काढून घेतला जातो.

मोबाइल आणि समाजमाध्यमे यांविषयी फार चर्चा होते, म्हणून येथे एवढेच नोंदवणे पुरे की रात्री उशाशी असलेला फोन झोप हिरावतो हा त्याचा सर्वांत निश्चित तोटा आहे, आणि घरातील मोठी माणसे स्वतःचे फोन बाजूला ठेवत नाहीत तोवर मुलावर घातलेली बंदी टिकत नाही.

शहरी मध्यमवर्गीय घरातील दहावीचे वर्ष, ज्यात टीव्ही बंद होतो, पाहुण्यांना येऊ नका असे सांगितले जाते आणि घर श्वास रोखून बसते, हेच ताणाचे एकमेव चित्र मानले तर महाराष्ट्रातील बहुसंख्य मुले त्यातून सुटतात. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारी कुटुंबे उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात, आणि दहावीची परीक्षा नेमकी त्या काळात येते. नववी-दहावीतील मूल एकतर आजीआजोबांजवळ मागे राहून घर सांभाळते किंवा फडावर जाऊन धाकट्यांना सांभाळते. मुलींच्या बाबतीत शाळा सुटणे आणि लग्न ठरणे या दोन घटना एकमेकींच्या फार जवळ असतात, त्यामुळे त्यांच्यासाठी नापास होण्याचा अर्थ मुलांहून कितीतरी कठोर असतो. मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांत मुलींसाठी सुरू झालेल्या एसटी बसगाड्यांनी शाळा सुटण्याच्या भीतीचा एक भाग कमी केला, आणि मनःस्वास्थ्याच्या चर्चेत अशा बसगाडीचा उल्लेख अप्रस्तुत वाटू नये. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळांत तर लहान वयातच घर, आई आणि घरची भाषा एकदम तुटते. गोंडी, कोरकू, भिली बोलणाऱ्या मुलाला वसतिगृहात दुखले-खुपले सांगायला आपल्या भाषेचा माणूस मिळेल याची व्यवस्था नसते, आणि रात्री शेकडो मुलांमागे एक अधीक्षक आणि एक अधीक्षिका यांच्यावर सारी भिस्त असते. ध्यानाचा तास या मुलांपैकी कोणाच्याही अडचणीपर्यंत पोहोचत नाही.

मग पोहोचते काय, या प्रश्नाचे उत्तर देणारा एक अभ्यास मराठी वाचकांना परिचित असायला हवा. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगथ’ या संस्थेने, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, बिहारमधील नालंदा जिल्ह्यातील सत्तरहून अधिक सरकारी माध्यमिक शाळांमध्ये ‘सेहर’ नावाचा कार्यक्रम राबवला आणि त्याचे निष्कर्ष २०१८ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. शाळांचे चिठ्ठ्या टाकल्यासारख्या यादृच्छिक पद्धतीने तीन गट करण्यात आले. एका गटात सरकारचा नेहमीचा जीवनकौशल्यांचा कार्यक्रमच चालू राहिला. दुसऱ्या गटात सेहरचा कार्यक्रम प्रशिक्षण दिलेल्या शिक्षकाने चालवला. तिसऱ्या गटात तोच कार्यक्रम स्थानिक, पदवीधर, पण मानसशास्त्राची पदवी नसलेल्या आणि याच कामासाठी नेमलेल्या व्यक्तीने चालवला, जिला ‘सेहर मित्र’ म्हटले जाई. कार्यक्रमही साधाच होता : प्रार्थनेच्या वेळी एखाद्या विषयावर बोलणे, भित्तिपत्रक, स्पर्धा, नाव न लिहिता तक्रार किंवा प्रश्न टाकण्याची पेटी, विद्यार्थ्यांचे गट, आणि ज्याला गरज असेल त्याच्याशी एकट्याने बोलणे. नववीच्या मुलांच्या मोजणीत असे दिसले की सेहर मित्र असलेल्या शाळांमध्ये शाळेचे वातावरण, म्हणजे शिक्षक व सोबती यांच्याशी असलेले नाते आणि ही शाळा आपली आहे ही भावना, लक्षणीय सुधारली, नैराश्याची लक्षणे घटली आणि दादागिरी व मारहाण कमी झाली. शिक्षकाने कार्यक्रम चालवलेल्या शाळांमध्ये मात्र काहीच फरक पडला नाही. दुसऱ्या वर्षी केलेल्या पाहणीत सेहर मित्रांच्या गटातील परिणाम आणखी वाढलेला आढळला.

या निष्कर्षाचा अर्थ शिक्षक असंवेदनशील असतात असा मुळीच नाही. शिक्षकाजवळ साठ-साठ मुलांचे वर्ग असतात, ऑनलाइन माहिती भरण्याची आणि निवडणुकीची कामे असतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे गुण देण्याचा अधिकार त्याच्याच हाती असतो; ज्याच्या हाती गुण आहेत त्याच्याजवळ मूल आपली भीती पूर्णपणे उघड करील अशी अपेक्षा करणे त्या दोघांवरही अन्याय आहे. ब्रिटनमध्ये ‘मिरियड’ या नावाने ओळखल्या गेलेल्या, ११ ते १४ या वयाच्या ८,३७६ विद्यार्थ्यांवरील मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले तेव्हाही अशीच गोष्ट दिसली : शिक्षकांना प्रशिक्षण देऊन सर्व मुलांना सजगतेचे, म्हणजे क्षणाक्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचे, पाठ दिले गेले, आणि नेहमीच्या शिक्षणापेक्षा त्याचा अधिक फायदा झाला नाही. श्वास संथ सोडल्याने परीक्षेच्या दालनात धडधड कमी होते, तेव्हा ते तंत्र मुलाला जरूर शिकवावे. परंतु सर्वांना एकसारखे पाठ देऊन शाळेने आपली जबाबदारी संपली असे मानू नये, एवढे या दोन अभ्यासांतून निःसंशय निघते. ज्याला ऐकायला वेळ आहे, ज्याच्या हाती गुणपत्रिका नाही आणि जो रोज शाळेच्या आवारात दिसतो असे एक मोठे माणूस हा या विषयातील आजवरचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे.

असे माणूस प्रत्यक्षात काय करते हेही समजून घेणे इष्ट, कारण समुपदेशन म्हणजे उपदेश अशी समजूत अजून रूढ आहे. समुपदेशक मुलाला काय करायचे ते सांगत नाही. अडचण नेमकी कोणती हे त्याच्याकडूनच वेगळे काढून घेतो, ती सोडवण्याचे पर्याय त्याला सुचू देतो, त्यांतला एक करून पाहायला लावतो आणि पुढच्या भेटीत काय झाले ते विचारतो. दिल्लीतील सरकारी शाळांमध्ये संगथच्याच दुसऱ्या प्रकल्पात हीच समस्या सोडवण्याची पद्धत चित्रकथांच्या पुस्तिकांसह वापरली गेली. मुलाने सांगितलेले गुप्त ठेवणे हा समुपदेशनाचा पाया आहे, आणि त्याच्या मर्यादाही मुलाला पहिल्याच भेटीत सांगायच्या असतात : जिवाला धोका असेल तर पालकांना कळवावे लागते, आणि लैंगिक अत्याचार झाला असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक असते. किशोरवयातील नैराश्य पुष्कळदा दुःखी चेहऱ्याने येत नाही. ते चिडचिडीच्या, वारंवार पोट किंवा डोके दुखण्याच्या, शाळा बुडवण्याच्या, आवडत्या खेळातून मन उडण्याच्या रूपाने येते आणि त्याची गणना उद्धटपणात होते. आपण नसलो तर बरे होईल असे मूल बोलले, किंवा जपलेल्या वस्तू वाटून टाकू लागले, तर ते नाटक समजू नये. आत्महत्येचा विचार मनात येतो का असे सरळ आणि मायेने विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, हे संशोधनाने दाखवलेले आहे. उलट विचारल्याने मुलाला बोलण्याची परवानगी मिळते. त्यानंतर त्याला एकटे न सोडणे, पालकांना बोलावणे आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे नेणे ही शाळेची कामे आहेत. केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर ऑक्टोबर २०२२ पासून दिवसरात्र मोफत उपलब्ध आहे आणि तिच्यावर मराठीतून बोलता येते. मुलांसाठीची १०९८ ही सेवाही आहे. हे दोन क्रमांक प्रत्येक वर्गात लिहिलेले असावेत.

आता अडचणीचा मुद्दा येतो तो नेमणुकीचा. केंद्रीय मंडळाशी, म्हणजे सीबीएसईशी, संलग्न शाळांना समुपदेशक नेमण्याची अट संलग्नतेच्या नियमांतच आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या सूचनांनुसार १०० वा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शैक्षणिक संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असायला हवा. राज्य मंडळाच्या अनुदानित शाळांची पदे मात्र संचमान्यतेने ठरतात, म्हणजे विद्यार्थिसंख्येवरून शिक्षक, लिपिक, शिपाई अशी पदे शासन मंजूर करते आणि त्यांचेच वेतन देते. त्या हिशोबात समुपदेशकाचे नियमित पद धरले जात नाही. म्हणजे फी परवडणाऱ्या घरांतील मुलांना समुपदेशक मिळतो, आणि कष्टकऱ्यांच्या मुलांना, ज्यांच्या डोक्यावरचा भार अधिक आहे, तो मिळत नाही. परीक्षेच्या काळात राज्य मंडळ विभागवार समुपदेशकांचे दूरध्वनी जाहीर करते, ही सोय चांगली असली तरी ती वर्षातील काही आठवड्यांपुरती आणि अनोळखी आवाजापुरती आहे.

पैसा नाही हे उत्तर यावर ठरलेले असते, म्हणून एक व्यवहार्य मार्ग मांडणे योग्य होईल. कोल्हापूर जिल्ह्यातील बहिरेवाडीत जन्मलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे ज्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते, त्या आयोगाने १९६६ च्या अहवालात एका माध्यमिक शाळेभोवती परिसरातील शाळांचा समूह बांधून साधने वाटून घेण्याची कल्पना मांडली, आणि प्रत्येक माध्यमिक शाळेपर्यंत मार्गदर्शन पोहोचवण्याची गरजही सांगितली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाळासमूहाची ही कल्पना पुन्हा पुढे आणली असून समूहातील शाळांनी समुपदेशकासारखी माणसे सामाईक ठेवावीत असे सुचवले आहे. महाराष्ट्रात केंद्रशाळा आणि केंद्रप्रमुख यांची व्यवस्था आधीपासून आहे. चार-पाच माध्यमिक शाळांमागे एक प्रशिक्षित समुपदेशक, जो प्रत्येक शाळेत आठवड्याचा एक ठरलेला दिवस बसेल, आणि प्रत्येक शाळेत त्याच्या देखरेखीखाली काम करणारा एक स्थानिक पदवीधर, एवढ्यापासून सुरुवात करता येईल. सेहरच्या अनुभवावरून पाहता रोज आवारात दिसणारा हा दुसरा माणूसच अधिक मोलाचा ठरेल. गंभीर मुलांना पुढे पाठवण्यासाठी सरकारी रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठीचे मैत्री क्लिनिक आणि जिल्हा रुग्णालयांतील मानसोपचार विभाग आहेत, त्यांच्याशी शाळांची गाठ घालून द्यावी लागेल. खासगी प्रयत्नांचा आधारही या राज्यात मोठा आहे, ठाण्यातील डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये स्थापन केलेल्या मानसिक आरोग्य संस्थेने ‘वेध’ या परिषदांतून व्यवसायनिवडीची चर्चा गुणांच्या पलीकडे नेली. परंतु स्वयंसेवी संस्था पोहोचतील त्या शाळा आणि पोहोचायला हव्यात त्या शाळा यांत अंतर राहणारच, आणि ते भरून काढणे शासनाचेच काम आहे.

तोपर्यंत शाळांना स्वतःच्या अधिकारात, कोणत्याही अनुदानाशिवाय करता येण्याजोग्या गोष्टीही थोड्या नाहीत. तुकड्या मिश्र करता येतात, गुण मोठ्याने वाचून दाखवणे थांबवता येते, खेळाचा तास राखता येतो, दोन विषयांच्या चाचण्या एकाच दिवशी येणार नाहीत असे पाहता येते, फाटकावरील फलक उतरवता येतो. शासनाने सांगितलेली तक्रारपेटी पुष्कळ शाळांत मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगलेली असते, जेथे चिठ्ठी टाकणारे मूल सर्वांना दिसते. ती जिन्याखाली किंवा ग्रंथालयात हलवली आणि आलेल्या चिठ्ठ्यांची उत्तरे दर आठवड्याला नाव न घेता फळ्यावर लिहिली, तर मुले लिहू लागतात. व्याख्यानमालांच्या श्रोतृवर्गात आजीआजोबा आणि पालक बहुसंख्येने असतात, आणि शालेय व्यवस्थापनावर व पालक-शिक्षक संघावर त्यांचेच म्हणणे चालते. त्यांच्याकडे एकच मागणे आहे : येत्या जूनमध्ये शाळेच्या सभेत निकालाची टक्केवारी विचारण्याआधी, या शाळेतील मुलाला काही सांगायचे असेल तर ते ऐकायला नेमलेले माणूस कोण आणि ते कोणत्या दिवशी, कोणत्या खोलीत भेटते, हे विचारावे, त्याचे उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे, आणि उत्तर मिळाले नाही तर समुपदेशकाच्या पदाची मागणी शाळेच्या ठरावाने शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावी.